कान काढता येणारा घोडा

परवा हस्तकलेच्या एका प्रदर्शनात पांचमुड्याच्या मातीच्या घोड्यांसमोर थांबलो. एक उचलून बघणार, तेवढ्यात विक्रेत्याने मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि विचारलं, "काका, हॉलचं दार कुठल्या दिशेला?" मी म्हटलं, "मी घोडा बघतोय." तो म्हणाला, "म्हणूनच विचारतोय. तोंड दाराकडे नको. जोडीच न्या, एकटा ठेवत नाहीत. आणि सात हवे असतील तर तिकडे पांढऱ्यात आहेत, प्लास्टरचे."

मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. मागे या सदरात माझ्या कपाटातल्या घोड्यांचा ओझरता उल्लेख आला होता, तेव्हाही बऱ्याच पत्रांत हाच प्रश्न होता: कुठल्या भिंतीला ठेवलेत, काही फरक पडला का? धावत्या सात घोड्यांचं चित्र ज्यांना लावायचं त्यांनी खुशाल लावावं, त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण त्या अख्ख्या टेबलावर घोडा कुणी घडवला, कुठे भाजला, काळा आणि लाल यांत फरक कशाने पडतो, हे सांगणारं कुणी नव्हतं. दिशा मात्र चोख माहीत होत्या. कुंभाराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम असं दारोदार शुभचिन्ह म्हणून खपवलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पांचमुडा हे पश्चिम बंगालमधल्या बांकुरा जिल्ह्यातलं कुंभारांचं गाव. हे घोडे मुळात नवसाचे. धर्मठाकूर, मनसादेवी यांच्या ठाण्यांवर, झाडाखाली वाहायचे. अखिल भारतीय हस्तकला मंडळाने याच घोड्याला बोधचिन्ह केलं, म्हणून आपण सगळे त्याला चेहऱ्याने ओळखतो. २०१८ मध्ये या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण तो हातात घेऊन बघायला हवा. चार पाय, धड, मान, डोकं, सगळं चाकावर वेगवेगळं फिरवलेलं आणि आतून पोकळ. मग ओल्या मातीने सांधायचं. सांधे घाईने वाळवले तर तडे जातात, म्हणून वाळवणी अगदी सावकाश. भट्टीतला धूर बाहेर जाऊ दिला तर घोडा लाल निघतो, भोकं बुजवून धूर आत कोंडला तर तोच घोडा काळा. माती एकच. कान आणि शेपटी मात्र जोडलेली नसतात. ती वेगळी करतात, भाजतात आणि खाचेत नुसती खोचतात. पिंपळपानासारखे ते उभे कान हलक्या हाताने वर ओढले की सुटून येतात. खाचेच्या कडेला आत बोट फिरवलं तर कुंभाराने ओली माती दाबलेली जागा लागते. प्रवासात कान काढून रुमालात गुंडाळायचे आणि घरी आल्यावर परत बसवायचे, इतका साधा आणि पक्का विचार त्यामागे आहे.

प्रदर्शनातल्या घोड्यांचे कान डिंकाने चिकटवून टाकले होते! कारण विचारलं तर उत्तर आलं, "गिऱ्हाइकं हरवतात."

कानांचं निघालंच आहे तर पायांबद्दलही लिहितो, कारण घोडे जमवण्याचा माझा खरा नाद पायांपासून सुरू होतो. घोडा हे करायला फार अवघड जनावर. भलंमोठं धड, पुढे काढलेली जड मान आणि खाली चार काटक्या. हत्ती करणाऱ्याला हा पेच पडत नाही, बैल करणाऱ्याला निम्मा पडतो. घोडा करणाऱ्या प्रत्येकाला तो सोडवावाच लागतो, आणि कुणी कसा सोडवला ते बघण्यात माझे रविवार जातात. पांचमुड्याच्या कुंभाराने पाय नळकांडीसारखे जाड आणि सरळ केले. स्वीडनमध्ये डालार्ना प्रांतातल्या नुसनेस गावी पाइनच्या लाकडाचे लाल घोडे कोरतात, त्यांनी पाय आखूड आणि ठेंगणे ठेवले, तो घोडा ढकलला तरी पडत नाही. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाचा डुलता घोडा मिळतो, त्यात पायांचा सगळा भार खालच्या दोन वाकड्या पट्ट्यांनी उचललेला असतो. देव्हाऱ्यातल्या पितळी खंडोबाच्या घोड्याचे पाय बैठकीतच ओतून घेतलेले असतात. तो घोडा मी संग्रहात धरत नाही, त्याची जागा देव्हाऱ्यातच.

मोठ्या पुतळ्यांनाही हाच पेच. माद्रिदमध्ये राजा चौथ्या फिलिपचा मागच्या पायांवर उठलेला ब्राँझचा घोडा आहे, १६४० चा, पिएत्रो ताक्का या शिल्पकाराचा. मागची बाजू भरीव आणि पुढची पोकळ ठेवायची युक्ती गॅलिलिओने सुचवली, असं सांगतात. आपल्या पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, विनायकराव करमरकरांनी घडवलेला आणि एकसंध ओतलेला. कामानिमित्त त्या रस्त्याने जाणारे हजारो लोक तो रोज बघतात. एकदा आत जाऊन फक्त घोड्याचे पाय बघा, खुरापासून गुडघ्यापर्यंत. आणि अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांच्या घरी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, तिकडेही वाकडी वाट करून जा.

हुबेहूब घोड्याचा नाद अमेरिकेत ब्रेयरने लावला. माझ्या मावसबहिणीची नात तिकडे असते, तिच्यामुळे माझ्याकडेही ते आले. शिकागोच्या या कंपनीने १९५० मध्ये घड्याळाच्या बाजूला उभा करायला एक घोडा ओतून दिला, आणि लोक नुसता घोडाच मागू लागले. त्यांचं मुख्य माप खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाचं, रंगाचं शेवटचं काम हाताने. केंटकीत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये दर वर्षी त्यांचा मेळा भरतो. मुली आणि आज्या आपापले घोडे मांडतात, परीक्षक खोगिराचा पट्टा योग्य जागी आहे का तेही तपासतात. मला हा काटेकोरपणा मनापासून आवडतो. हे घोडे सेल्युलोज ॲसिटेटचे असतात आणि उन्हाने त्यांचे पाय वाकतात. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये खिडकीजवळ ठेवाल तर घोडा एका अंगावर कलतो. वाकलेला पाय गरम पाण्यात धरायचा, मऊ झाला की बोटांनी सरळ करायचा आणि तसाच थंड पाण्यात बुडवायचा. धीर धरला तर घोडा पुन्हा उभा राहतो.

एका गोष्टीत मात्र मी हट्टी आहे. तमिळनाडूत अय्यनारच्या ठाण्यांवर गावच्या राखणीसाठी मातीचे प्रचंड घोडे उभे करतात. गुजरातेत पोशिन्याजवळ आदिवासींनी नवसाला वाहिलेल्या लहान घोड्यांच्या रांगाच्या रांगा झाडाखाली असतात. ऊन-पावसात ते झिजतात, फुटतात, मातीत मिसळतात, नवे येऊन शेजारी बसतात. तसंच व्हायला हवं असतं. असा वाहिलेला घोडा उचलून आणून दिवाणखान्यात दिव्याखाली मांडलेला मी एका घरी पाहिला, कौतुकाने "अगदी ओरिजिनल" म्हणून दाखवलेला. मला तिथे चहा गेला नाही. हवा असेल तर कुंभाराकडे जा आणि नवा विकत घ्या. त्याला पैसे मिळतील आणि कुणाचा नवस तुमच्या घरी येणार नाही.

प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे: प्रत्येक घोड्याच्या पोटाखाली एक चिठ्ठी लावा. करणाऱ्याचं नाव, गाव, माती किंवा लाकूड. चित्राखाली चित्रकाराचं नाव नसेल तर आपण विचारतो, मग कुंभाराचं का नको?

आणि सुरुवात कशी करू असं ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. आधी एकच घ्या, परवडेल तो. मातीचा असेल तर कान ओढून बघा, चिकटवलेले असतील तर ठेवून द्या. धूळ मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं फिरवू नका. उचलताना मानेला धरू नका, एक हात पोटाखाली घाला. आणि दिशेचं म्हणाल तर जिथे खालच्या शेल्फवर शाळकरी मुलांचा हात पोचेल आणि ती वाकून पाय बघू शकतील, तिथे ठेवा.