गुणांचें कोष्टक

नाटक पाहून, चित्र पाहून अथवा एखादा ग्रंथ वाचून झाल्यावर "कसें होतें?" असा प्रश्न घरोघर निघतो, आणि "छान" किंवा "भिकार" यांपलीकडे उत्तर सहसा जात नाहीं. एकत्र कुटुंबांत तर वडील माणसांचें मत तेंच घराचें मत ठरतें व मुलें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचें विसरतात. यास्तव प्रत्येकानें आपल्यापुरतें गुणांचें एक कोष्टक करावें, असें आम्ही सुचवितों.

ही कल्पना नवी नव्हे. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्याच्या उत्तम, मध्यम व अधम अशा तीन पायऱ्या ठरविल्या. जगन्नाथ पंडितानें 'रसगंगाधरां'त त्यांच्या चार केल्या. भरताच्या नाट्यशास्त्रांत तर प्रयोगाच्या सिद्धीवर स्वतंत्र अध्याय असून त्यांत याज्ञिक, नर्तक, वैयाकरण, चित्रकार, धनुर्धर इत्यादि दहा प्राश्निक सांगितले आहेत. ज्यानें त्यानें आपापल्या विषयापुरताच निर्णय द्यावा, हें त्यांतील मर्म होय.

फ्रान्स देशांत रोजे द पील या कलापंडितानें १७०८ सालीं पन्नासांहून अधिक चित्रकारांस रचना, रेखन, रंग व भाव या चार सदरांखालीं आंकडे दिले. वीस हा पूर्णत्वाचा आंकडा. परंतु अठरांच्या वर त्यानें कोणासच चढविलें नाहीं. बेरीज केल्यास राफाएल व रूबेन्स यांस प्रत्येकीं ६५ पडतात, आणि मायकेल अँजेलोस अवघे ३७! रेखनांत त्यास १७ मिळाले होते. रंगांतील ४ गुणांनीं त्यास खालीं ओढलें. शाळेंत गुण देण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. गणित व संस्कृत यांच्या बेरजेनें मुलाचा क्रमांक कळतो, मुलगा कळत नाहीं. म्हणून आमचा पहिला नियम असा कीं, सदरें मांडावीं, पण बेरीज करूं नये.

दुसरा नियम असा कीं, सदरें कृतीच्या जातीप्रमाणें असावीं. आमच्या चिचगडच्या बाजूस, झाडीपट्टींत, दिवाळीनंतर मंडया भरतात व धानाच्या हंगामानंतर रात्रभर नाटकें चालतात. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. शहरांतील नाट्यगृहाचें नेपथ्य मनांत धरून येथील मंडपास गुण दिल्यास हातीं शून्य येईल. परंतु थंडींत पहाटेपर्यंत जागचा न हालणारा प्रेक्षक, त्याचें सदर त्या कोष्टकांत कोठें आहे?

तिसरा नियम औचित्याचा. क्षेमेंद्रानें औचित्यास काव्याचें जीवितच म्हटलें आहे. तेव्हां तें इतरांबरोबरचें सदर न मानतां उंबरठा मानावा. प्रसंगास न शोभणारें गाणें कितीहि गोड असलें, तरी त्याच्या गोडीनें तो दोष भरून निघत नाहीं.

चौथें सदर प्रेक्षकानें स्वतःकरितां ठेवावें. अभिनवगुप्तानें रसविघ्नें सांगतांना, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखांत गढलेला असणें हेंहि एक विघ्न गणिलें आहे. म्हणून आंकडे लिहिण्यापूर्वीं झोप, भूक, घरांतील कुरबुर यांची नोंद करावी. कित्येकदां दोष नाटकांत नसून आपल्या जागरणांत सांपडतो.

आतां पद्धति. चर्चा सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें कोष्टक निमूटपणें लिहावें. नंतर सर्वांत धाकट्यानें प्रथम वाचावें, वडिलांनीं शेवटीं. हा क्रम उलटला कीं सर्व कोष्टकें एकसारखीं होतात, व तीं लिहिल्याचें फळ राहत नाहीं. मुलाचा आंकडा आपल्याशीं जुळला नाहीं, तर रागावूं नये. त्यास कारण विचारावें. तें कारण पटलेंच पाहिजे असें नाहीं. परंतु मुलगा किंवा मुलगी आपल्या आवडीचें कारण वडिलांसमोर न भितां सांगूं लागली, म्हणजे घरांत एक रसिक वाढला असें समजावें. मग आंकडे पुसून टाकले तरी चालेल.