व्याख्येचा बांध

शब्दांची व्युत्पत्ती हा भाषापंडितांच्या विरंगुळ्याचा विषय होय, असा एक सार्वत्रिक समज आहे. अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्यांना मात्र तो परवडणारा नाही. इंग्रजीतील ‘डेफिनिशन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘फिनिस’ हा शब्द आहे. फिनिस म्हणजे सीमा, हद्द. तेव्हा व्याख्या करणे म्हणजे शब्दाभोवती बांध घालणे. आणि बांध हातभर सरकला तर काय होते, हे भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको.

अर्थशास्त्राची इंग्रजी परिभाषा अशा जुन्या मुळांनी भरलेली आहे. पैशासंबंधीचा ‘पिक्युनिअरी’ हा शब्द गुराढोरांच्या ‘पेकस’पासून आला; संस्कृतातील ‘पशु’ त्याच कुळातला. ‘फिस्कल’मागे पैसे ठेवण्याची टोपली आहे. आपल्याकडील महसुली शब्दांचे मूळ बहुतांशी अरबी-फारसी. तहसील म्हणजे वसुली, जिराईत म्हणजे लागवड, तर ‘हक्क’ या शब्दाचा मूळ अर्थ सत्य. 1831 साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशात शब्दांच्या अशा मुळांच्या खुणा नोंदविलेल्या आढळतात.

राज्यकर्ते शब्द बदलू शकतात, याचाही दाखला याच मुलखात आहे. राजगडावर राजधानी होती तेव्हाचा सुरनीस 1674 च्या राज्याभिषेकानंतर ‘सचिव’ झाला. पुढे भोर संस्थानाचे अधिपती 1948 मधील विलीनीकरणापर्यंत पंतसचिव म्हणूनच ओळखले गेले. 2024 मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय केला. नामांतराचे समाधान मोठे असते, हे मान्यच आहे. परंतु सामान्य माणसाचे भवितव्य नावापेक्षा व्याख्येने अधिक ठरते.

‘रायव्हल’ या शब्दाचेच उदाहरण घ्या. लॅटिनमधील ‘रिव्हस’ म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे ते ‘रिव्हॅलिस’. शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी झाला तो पाण्यापायी! भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. पानशेतचे पाणी पुण्याची तहान भागविते. पाणी जेथे पोहोचते त्या मुलखास शासकीय भाषेत ‘लाभक्षेत्र’ म्हणतात. ज्यांच्या जमिनीवर ते साठविले जाते ते ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रस्त म्हणजे गिळलेला. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर पुणेकरांस ‘पूरग्रस्त’ हा शब्द अनुभवाने कळला. ते पाणी ओसरले. धरणाखाली गेलेली शेते मात्र पुन्हा वर आली नाहीत.

प्रकल्पग्रस्त कोण, याचे उत्तर भावना देत नाही, कायद्यातील व्याख्या देते. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार बांधाच्या आत सहज येतो. त्याच शेतात राबणारा मजूर, त्याची अवजारे घडविणारा कारागीर यांचे काय? 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंबा’ची व्याख्या रुंदावली. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून होती, अशी भूमिहीन कुटुंबेही तीत आली. केवळ व्याख्येतील ही चार वाक्ये. परंतु तीच असंख्य कुटुंबांना पुनर्वसनाचा हक्क देतात किंवा नाकारतात.

अडचण अशी, की ज्यांच्यासाठी व्याख्या रुंदावली त्यांच्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. कायद्याचे मराठी भाषांतर करून हे काम भागत नाही. संस्कृतप्रचुर परिभाषा शेतमजुरास इंग्रजीइतकीच परकी असते. जमिनीच्या संपादनाची सूचना निघताच तीतील प्रमुख शब्दांचा अर्थ चालू बोलीत, स्थानिक उदाहरणांसह ग्रामसभेत वाचून दाखविणे बंधनकारक केले पाहिजे. बाधितांची यादी तेथेच वाचली जावी, आणि यादीबाहेर राहिलेल्यास ‘मी का नाही?’ असे विचारण्याची संधी तेथेच मिळावी. यास फारसा खर्च नाही. महाविद्यालयांनीही अर्थशास्त्राच्या व्याख्या पाठ करवून घेण्याऐवजी त्यांनी कोणाला आत घेतले व कोणाला बाहेर ठेवले, हे विद्यार्थ्यांस तपासावयास लावावे.

शेताचा बांध पडताना दोन्ही बाजूंचे शेतकरी हजर असतात. शब्दांचा बांध घालतानाही तीच रीत पाळली जावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.