उभ्या उभ्या पंधरा मिनिटे

कुणी घाईघाईने घरी येऊन गेले की आपण म्हणतो, ‘उभ्या उभ्या आला आणि गेला!’ चहासुद्धा घेतला नाही, अशी त्यात थोडी तक्रारही असते. पण उभ्या उभ्या बोलण्यालाही मोठा अर्थ असू शकतो, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ताईचा थोरला मुलगा आमच्याकडे टिळकवाडीत राहायला आला. बेंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नुकताच लागला होता आणि खानापूरकडच्या त्यांच्या गावात नेटवर्क मिळत नव्हते. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला तो लॅपटॉपसमोर बसायचा आणि मिनिटभर इंग्रजीत काहीतरी बोलायचा. याला ‘स्टँड-अप’ म्हणतात, असे त्याने सांगितले. आमच्या सासूबाईंनी लगेच विचारले, “अरे, तू तर बसून बोलतोस, मग स्टँड-अप कसलं?”

मग त्याने आम्हाला सगळे समजावून सांगितले. टीममधल्या सगळ्यांनी रोज ठरल्या वेळी जमायचे, उभे राहायचे आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केले, आज काय करणार आणि काय अडले आहे? पंधरा मिनिटांत सभा संपली पाहिजे. उभे राहायचे ते एवढ्यासाठीच, की पाय दुखू लागले म्हणजे भाषण आपोआप आटोपते. लॉकडाऊनमध्ये उभे राहणे सुटले, नाव तेवढे राहिले.

माझा स्वभाव मास्तरकीचा. मी थोडे वाचन केले. ही पद्धत ‘स्क्रम’ नावाच्या कार्यपद्धतीतून रूढ झाली. अमेरिकेत जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये आपल्या टीममध्ये ती सुरू केली आणि १९९५ मध्ये केन श्वेबर यांच्यासह ती जगापुढे मांडली. स्क्रम हा शब्द रग्बीच्या खेळातला. खेळाडू खांद्याला खांदा लावून एकत्र रेटा देतात, तो प्रकार. उभे राहण्याबद्दलही संशोधन झाले आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये पाच-पाच जणांच्या गटांवर प्रयोग केला. बसून घेतलेल्या सभांना उभ्या सभांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळ लागला आणि निर्णय मात्र काही अधिक चांगले झाले नाहीत. आपल्या गणेश मंडळांच्या रात्री बारापर्यंत चालणाऱ्या बैठका आठवून मला हसू आले.

पण रोज? आठवड्यातून एकदा का चालत नाही? याचे उत्तर मला उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सापडले. माझे दीर तिथे कामाला आहेत. ओतकाम बिघडले की तो तुकडा समोर पडलेला सगळ्यांना दिसतो. घर बांधताना भिंत किती वर आली, हे रस्त्यावरचा माणूसही सांगेल. सॉफ्टवेअरचे तसे नाही. एखादा मुलगा स्क्रीनसमोर दिवसभर बसला आहे, म्हणजे त्याचे काम पुढे चालले आहे की तो तीन दिवस एकाच ठिकाणी अडकला आहे, हे शेजारच्यालाही कळत नाही. त्याच्या कामावर दुसऱ्याचे काम अवलंबून, त्याच्यावर तिसऱ्याचे. न दिसणारी ही अडचण रोज बोलून दाखवावी, एवढाच या सभेचा खरा उपयोग.

आणि इथेच आमच्या घरातली गोष्ट सुरू होते. रोज सकाळी दाराआडून मला त्याचे शेवटचे वाक्य ऐकू यायचे. अर्थ असा, की ‘माझं काही अडलेलं नाही.’ पण रात्री ताटातली भाकरी तशीच राहायची. दोन वाजेपर्यंत खोलीत दिवा जळायचा. आठ-दहा दिवस असे गेल्यावर मी त्याला गच्चीवर घेऊन गेले. म्हटले, “खरं सांग, काय झालंय?”

तो रडायलाच लागला. “मावशी, दोन आठवडे एकाच जागी अडकलोय गं. दुसऱ्या टीमकडून एक परवानगी हवी आहे, ती कुणाकडे मागायची तेच माहीत नाही.”

“मग सकाळी सांगत का नाहीस?”

“एका मुलीनं सांगितलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘एवढंही येत नाही?’ तेव्हापासून कुणाचंच काही अडत नाही.”

माझ्या पोटात गोळा आला. हे ऐकताना मला माझाच वर्ग दिसत होता. मी हजेरी घेते, पोरे ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणतात, मी शिकवते, शेवटी विचारते, ‘समजलं काय?’ सगळे एका सुरात ‘हो मॅडम!’ परीक्षेत मात्र पेपर कोरे. त्यांची सभा म्हणजे अशीच हजेरी झाली होती. पंधरा मिनिटांची चाळीस मिनिटे झाली होती आणि साहेब प्रत्येकाच्या तासांचा हिशेब मांडत होते. आठ माणसांची पंधरा मिनिटे म्हणजे रोज दोन तास खर्च. अडचण बाहेर येणार नसेल, तर ते दोन तासही वायाच.

पुढे दोन महिन्यांनी त्यांच्या टीमवर धारवाडकडच्या एक बाई प्रमुख म्हणून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. माझे अमुक काम अडले आहे, कुणाला माहीत असेल तर सभेनंतर मला सांगा. दुसऱ्या दिवशी आमच्या पोराने तोंड उघडले. ती जुनी परवानगी कधीच मिळाली होती, पण आता नवीन गाठ बसली होती. ती एका सहकाऱ्याने सभेनंतर दहा मिनिटांत सोडवून दिली. त्या रात्री त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. सासूबाईंनी मोजल्या होत्या!

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून ते तीन ठरीव प्रश्न काढून टाकले गेले. प्रत्येक टीमने आपापली रीत ठरवावी, पण पंधरा मिनिटांची मर्यादा पाळावी, असे त्यात आहे. मला ते पटले. प्रश्न पाठ म्हणून काही होत नाही.

मीही वर्गात बदल केला. ‘समजलं काय?’ हा प्रश्न बंद. आता विचारते, ‘काय अडलंय?’ आपल्या दोन्ही भाषांत हा शब्द जवळजवळ तोच आहे. मराठीत अडचण, कन्नडमध्ये अडचणे. पहिले दोन आठवडे कुणी बोलले नाही. मग एके दिवशी मीच सांगितले, की विद्यार्थिनी असताना हा धडा मला तीनदा वाचूनही कळला नव्हता. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच उठली. “तिळीलिल्ल री, मॅडम,” म्हणाली. समजले नाही, एवढेच.

वर्षभरात प्रथमच ती बोलली होती. तिच्यामागोमाग आणखी चौघी उभ्या राहिल्या.