महापौराची खुर्ची आणि कायद्याचे पुस्तक

डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ या दोन महिन्यांत आपल्या भागात निवडणुकांची धामधूम होती. आधी नगरपरिषदांचे मतदान झाले, मग चंद्रपूरसह राज्यातल्या २९ महानगरपालिकांचे. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव, त्यामुळे हारतुरे घातलेल्या बायकांचे फोटो चौकाचौकांतल्या फलकांवर झळकले. फलक उतरायच्या आत जुनी कुजबुजही सुरू झाली, "सही बाईची, कारभार नवऱ्याचा." ही कुजबुज मी गेली कित्येक वर्षे चंद्रपुरात ऐकते, गडचिरोलीत ऐकते. ती करणाऱ्यांत शिकलेले पुरुष असतात, तशा शिकलेल्या बायकाही असतात.

या कुजबुजीला उत्तर द्यायचे तर आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. महापौराच्या किंवा नगरसेविकेच्या खुर्चीत मुळात अधिकार किती? आणि ते कोणते, हे त्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला कोणी कधी सांगितले का? हा प्रश्न समजून घ्यायला मला पुण्याच्या माजी महापौर अॅड. वंदना चव्हाण यांची वाटचाल उपयोगी वाटते. चंद्रपूरच्या मासिकात पुण्याच्या बाईंचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण वकिली करणारी बाई महापौर झाली की नेमके काय घडते आणि काय घडू शकत नाही, हे त्यांच्या उदाहरणात स्वच्छ दिसते.

या देशात बायकांना वकिली करता येईल हे कायद्याने पक्के झाले ते १९२३ साली. त्याआधी नाशिकजवळ जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी कायद्याची परीक्षा दिली होती, पण बाई म्हणून त्यांना सनद मिळत नव्हती. त्यानंतर जवळजवळ पाऊण शतकाने राज्यातल्या मोठ्या शहरांच्या महापौरपदावर वकील स्त्रिया दिसू लागल्या. मुंबईत १९९४-९५ मध्ये निर्मला सामंत-प्रभावळकर महापौर होत्या. त्या वकील, पुढे राष्ट्रीय महिला आयोगाच्या सदस्यही झाल्या. पुण्यात १९९७-९८ मध्ये वंदना चव्हाण महापौर झाल्या. हा योगायोग नव्हता. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या होत्या. ७४व्या घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश आरक्षण आले. २०११ मध्ये राज्याने ते ५० टक्क्यांवर नेले. दार उघडले म्हणून बायका आत आल्या. दार उघडायला चळवळीला किती वर्षे लागली, हे आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको.

वंदनाताई वकिलांच्या घरातल्या. वडील अॅड. विजयराव मोहिते पुण्यातले नावाजलेले वकील. त्या स्वतः वकील झाल्या, महापालिकेत निवडून गेल्या आणि वयाच्या पस्तिशीत महापौर झाल्या. तेव्हा महापौरपद एका वर्षाचे असे (पुढे ते अडीच वर्षांचे झाले). एका वर्षात शहराचा कारभार समजून घ्यायचा, अंदाजपत्रक पाहायचे, पाहुण्यांचे स्वागत करायचे, उद्घाटने करायची आणि खुर्ची सोडायची. एवढ्या वेळात कोणी काय उभे करणार?

वेळेपेक्षाही मोठी अडचण आहे ती अधिकारांची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ उघडून पाहा. कलम ६७ प्रमाणे महापालिकेची कार्यकारी सत्ता आयुक्तांच्या हाती आहे, म्हणजे राज्य सरकारने पाठवलेल्या अधिकाऱ्याच्या हाती. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात, शहराच्या प्रथम नागरिक म्हणून मिरवतात. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. सभेने केलेला ठराव राज्य सरकारला पटला नाही तर कलम ४५१ खाली तो स्थगित किंवा रद्द करता येतो. महापौराला खरी सत्ता देण्याचा प्रयोग १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात झाला. 'महापौर परिषद' असे त्याचे नाव. तो फार काळ टिकला नाही. म्हणजे आपण ज्या खुर्चीसाठी सोडत काढतो, मिरवणुका काढतो, ती मानाची आहे, सत्तेची नाही. ती पुरुषालाही सत्ता देत नाही. फरक इतकाच की पुरुष महापौर काही करू शकला नाही तर लोक "प्रशासन ऐकत नाही" म्हणतात, आणि बाई काही करू शकली नाही तर "बाईला काय जमणार" म्हणतात.

मग वकील असण्याचा उपयोग काय? माझ्या मते वंदनाताईंच्या कामाचा खरा धडा इथेच आहे. त्यांच्याच महापौरपदाच्या वर्षी, १९९७ मध्ये, पुण्याच्या आसपासची गावे महापालिकेच्या हद्दीत आली. पुढे त्यांतली काही वगळली आणि २३ राहिली. या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्या आणि त्यांचे उतार मिळून सुमारे ९७८ हेक्टर जमीन 'जैववैविध्य उद्यान' म्हणून राखायचे सुचवले गेले. त्या जमिनीवर बांधकामाला परवानगी मिळावी म्हणून दबाव होताच. या आरक्षणाच्या बाजूने वंदनाताई नागरिकांच्या संघटनांबरोबर वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. तेव्हा त्या महापौर नव्हत्या. २०१५ मध्ये राज्य सरकारने हे आरक्षण कायम ठेवले. जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र पुढेही लोंबकळत राहिला, आणि तो खोटा प्रश्न नव्हे.

इथे टेकडी वाचवण्याचे हत्यार काय होते? विकास आराखडा. तो प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कोणत्याही नागरिकाला हरकत-सूचना देता येते, सुनावणीत बोलता येते, आरक्षण बदलले तर का बदलले हे विचारता येते. हे सगळे कायद्यात लिहिलेले आहे. ते माहीत असणारी बाई खुर्चीवर असो वा नसो, तिला डावलता येत नाही. पुढे २०१२ ते २०२४ अशी बारा वर्षे त्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या वतीने राज्यसभेत होत्या. 'अॅलर्ट' नावाची संस्थाही त्यांनी काढली. नेतृत्वाचे शिक्षण, संशोधन आणि प्रशिक्षण असा तिच्या नावाचाच अर्थ. एक वर्षाचे महापौरपद आणि त्यानंतरची पाव शतकाची खटपट, अशी ही वाटचाल आहे.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचा माझा हेतू नाही. शहर, शिक्षण, वकिलाचे घर, मोठ्या पक्षाचा पाठिंबा, हे सगळे त्यांच्यापाशी होते. कोरपना तालुक्यातल्या कोलाम बाईपाशी किंवा एटापल्लीच्या माडिया बाईपाशी यातले काय आहे? म्हणून "त्यांना जमले, तुम्हाला का नाही" असे कोणी आपल्या बायकांना म्हणू लागले तर तो अन्याय होईल. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की कायदा वाचता आला तर लहान खुर्चीतूनही काम होते आणि खुर्ची गेल्यावरही होते.

आता आपल्या घरात पाहू. चंद्रपूर महानगरपालिका २०११ मध्ये झाली. २०१२ पासून २०२२ पर्यंत महापौरपदावर बायकाच होत्या: संगीता अमृतकर, राखी कंचर्लावार, अंजली घोटेकर आणि पुन्हा राखी कंचर्लावार. सलग दहा वर्षे बाई महापौर हे राज्यात सहसा न घडलेले. पण या दहा वर्षांत शहरासमोर जे प्रश्न होते त्यांच्या किल्ल्या कुठे होत्या? २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथ्या क्रमांकावर होते. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट, यांतले काहीच महापौरांच्या कक्षेतून चालत नाही. राखेने काळे झालेले धुणे पुन्हा धुणारी आणि दम्याच्या पोराला छातीशी धरून रात्र काढणारी बाई मात्र महापौरांच्याच नावाने बोटे मोडते.

दारूचेही तेच. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. त्या दिवशी शहराची महापौर बाई होती, पण या निर्णयाला तिच्या सहीची गरज पडली नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी आहे, तीही किती कष्टाने टिकवावी लागते हे तिथल्या बायकांना विचारा.

आणि २०२२ च्या एप्रिलअखेर महापालिकेची मुदत संपली तेव्हा तर खुर्चीच नाहीशी झाली. प्रशासक आले आणि जवळजवळ चार वर्षे राहिले. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी नदीकाठच्या वस्त्यांत शिरले, बायका भांडीकुंडी डोक्यावर घेऊन निघाल्या, तेव्हा महापालिकेत निवडून आलेली एकही सदस्य नव्हती. "बाई काही करत नाही" म्हणणारे "बाईच नाही" यावर फारसे बोलले नाहीत.

हा प्रदेश कायद्याला अनोळखी नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले आणि १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांत वसुधा धागमवार होत्या, लतिका सरकार होत्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. याच मातीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. त्या गावात महापौर नाही, वकीलही नाही. गावाने एकत्र बसून कायदा वाचला, समजून घेतला.

प्रशिक्षणांत मी नव्या सदस्य बायकांना नेहमी विचारते, सभेची विषयपत्रिका तुमच्या हातात किती दिवस आधी येते? बहुतेकींना ती आधी यायला हवी हेच माहीत नसते. एका छोट्या नगरपंचायतीतली सदस्य मला म्हणाली, "मॅडम, मले रजिस्टरवर सही कराले बलावते. वाचाले मागतलं त नाराज होते." दुसरीने सांगितले की तिने एकदा इतिवृत्ताची प्रत लेखी मागितली आणि त्यानंतर पुढच्या सभेत तिला पहिल्यांदा बोलायला वेळ मिळाला. एका अर्जाने एवढा फरक पडतो. हिच्यापाशी सनद नव्हती, पण वकिलीची पहिली पायरी ती चढली होती: जे सांगायचे ते लेखी, आणि उत्तर मागायचे तेही लेखी.

म्हणून माझे म्हणणे असे. प्रत्येक नगरसेविकेला, नगराध्यक्षेला आणि महापौराला निवडून आल्यापासून महिन्याभरात तिला लागू असलेला कायदा मराठीत, सोप्या भाषेत शिकवला पाहिजे, आणि तो शिकवताना नवऱ्याला शेजारी बसवू नये. ठराव कसा मांडायचा, सूचक-अनुमोदक कोण, मतदान कसे मागायचे, अंदाजपत्रकातला महिला व बालकल्याणाचा पैसा कुठे जातो, विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यायची, हे तिला यायला हवे. प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबाबत मतदान घेता येते आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते, हेही यायला हवे. या तरतुदीला महापौरांचीही परवानगी लागत नाही.

दुसरे, प्रभागांचे आरक्षण दर निवडणुकीला फिरते, त्यामुळे काम शिकलेली बाई पुढच्या वेळी घरी बसते. एका फेरीऐवजी दोन फेऱ्या आरक्षण टिकावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तिसरे, मुदत संपलेल्या संस्था वर्षानुवर्षे प्रशासकांच्या ताब्यात ठेवल्या जातात तेव्हा सगळ्यांत आधी बायकांच्या निम्म्या जागा पुसल्या जातात, हे आपण मोठ्याने बोलले पाहिजे. आणि चौथे, महापौराला जबाबदार धरायचे असेल तर तिला अधिकारही द्या. जबाबदारी बाईची आणि अधिकार आयुक्तांचा, हे चालायचे नाही.

संघटनांच्या मैत्रिणींनाही एक सांगणे आहे. आपण उमेदवार शोधतो, प्रचार करतो आणि निकालानंतर तिला एकटीला सभागृहात सोडून येतो. यापुढे प्रत्येक तालुक्यात एक वकील मैत्रीण आणि चार कार्यकर्त्या मिळून निवडून आलेल्या बायकांच्या पाठीशी बसल्या पाहिजेत, महिन्यातून एकदा तरी, विषयपत्रिका समोर ठेवून. पुढची सर्वसाधारण सभा कधी आहे ते आजच विचारा.