चोर सोडून संन्याशास फांसी!

चोर कोण हें कळत नाहीं, तेव्हां चोर कसा असेल याचा अंदाज बांधावयाचा, या विद्येला प्रोफाइलिंग म्हणतात. गुन्हा कोठें व कोणत्या वेळीं घडला, गुन्हेगार कसा वागला, यावरून त्याचें वय, राहणी व स्वभाव ताडावयाचा. सिनेमांनीं या विद्येचे इतके पोवाडे गाइले आहेत कीं, पंडित आला म्हणजे चोर सांपडलाच, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

प्रथम तिचें पुण्य तिच्या पदरांत घालूं. लंडन शहरीं १९८२ पासून रेल्वे स्टेशनांच्या आसपास स्त्रियांवर अत्याचार होत होते. पुढें खूनही पडले. १९८६ मध्यें डेव्हिड कँटर या मानसशास्त्रज्ञानें गुन्ह्यांच्या जागा नकाशावर मांडल्या आणि गुन्हेगार कोणत्या भागांत राहत असावा, त्याचा संसार कसा असावा, याचीं अनुमानें केलीं. पोलिसांच्या लांबलचक यादींत दडलेलें जॉन डफी हें नांव त्यामुळें वर आलें. पाळत ठेवली, झडती घेतली, सुतळीसारखा पुरावा हातीं लागला आणि १९८८ मध्यें त्यास जन्मठेप झाली. अंदाजानें वाट दाखविली. शिक्षा लागली ती पुराव्यानें व साक्षींनीं.

आतां दुसरी बाजू पहा. त्याच लंडनांत जुलै १९९२ मध्यें विम्बल्डनच्या माळावर एका तरुण मातेचा तिच्या चिमुकल्या मुलासमक्ष खून झाला. पंडितानें चित्र रंगविलें. तें जवळच राहणाऱ्या एका इसमाशीं जुळतें असें पोलिसांस वाटलें. पुरावा कांहींच नव्हता. म्हणून एका स्त्री-अंमलदाराला त्याच्याशीं प्रेमाचें सोंग करावयास लावलें. कित्येक महिने हें नाटक चाललें; त्यानें कबुली दिली नाहीं, तरी त्यास वर्षाहून अधिक काळ कोठडींत ठेवलें. सप्टेंबर १९९४ मध्यें न्यायाधीशानें तो सारा बनाव फेंकून दिला. इकडे खरा खुनी मोकळाच होता! नोव्हेंबर १९९३ मध्यें त्यानें आणखी एक आई व तिची चार वर्षांची मुलगी मारली. डी.एन.ए. चाचणीमुळें तो उघडा पडला आणि २००८ मध्यें त्यानें कोर्टांत गुन्हा कबूल केला. चुकीच्या चित्रामागें धांवण्याची किंमत ही!

लंडनांत एका माणसाचें चित्र चुकलें. आमच्या देशांत तर अख्ख्या जमातींचें चित्र काढून तेंच कायद्यांत घातलें. सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी, तसा चोराचा मुलगा चोर, असा तर्क लढवून इंग्रज सरकारनें १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्यें तो आमच्या मुंबई इलाख्यापर्यंत पोंचविला. सुतार-लोहार बांधवहो, तुमच्या हातच्या कसबाचा दाखला देऊन दुसऱ्याच्या तान्ह्या पोराला गुन्हेगार ठरविलें, हें ध्यानांत ठेवा! चौकशी नाहीं, साक्ष नाहीं. जन्म हाच पुरावा. हजेरी द्या, परवान्यावांचून गांव सोडूं नका. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ मध्यें हजेरीचा हा जाच बंद केला. सबंध देशांत कायदा रद्द होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. कायदा गेला, पण चित्र पुसलें काय? गांवांत चोरी झाली कीं बोट अजून पारध्याच्या पालाकडेच वळतें. तुरुंगांत जातीवरून कामें वांटणारे नियम सुप्रीम कोर्टानें घटनाबाह्य ठरविले ते ऑक्टोबर २०२४ मध्यें!

गांवचा जागल्या माग काढीत असे. पाऊल कोणत्या शिवेकडे गेलें एवढें तो सांगे. त्या शिवेपलीकडच्या पहिल्या झोंपडींतला माणूस चोर, असें शहाणा जागल्या म्हणत नसे. प्रोफाइलिंगची लायकी तेवढीच. कोठें शोधावें हें तिनें सांगावें. कोणास बांधावें हें सांगूं नये. अंदाजास पुरावा मानूं नये, अंदाजाविरुद्ध जातें तें दडपूं नये आणि जात हें लक्षण त्यांत कधींही घालूं नये.

आणि वाचकहो, पंचनाम्यावर अंगठा उठविण्यापूर्वीं इतकेंच विचारा: तुम्हीं चोर पाहिला, कीं चोराचें चित्र पाहिलें?