तीन आणे की पंधरा आणे?

सत्ताधीशास प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. १८ जून १९४६ रोजी मडगावात पोर्तुगीज बंदी झुगारणारे डॉ. राममनोहर लोहिया १९६३ साली लोकसभेत निवडून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आचार्य कृपलानींच्या अविश्वास-ठरावावर बोलताना त्यांनी पंतप्रधान नेहरूंस सुनावले की, देशातील २७ कोटी लोक दररोज ३ आण्यांवर, म्हणजे रुपयाच्या पंचमांशाहूनही कमी मिळकतीवर, गुजराण करतात. नेहरूंनी १५ आण्यांचा आकडा पुढे केला. ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला. परंतु गरिबाच्या मिळकतीचा हिशेब राष्ट्रासमोर आलाच. बहुमताने ठराव फेटाळता येतो, प्रश्न नव्हे. मात्र प्रश्नकर्त्यानेही अभ्यास करूनच उभे राहावे; नुसत्या आरडाओरड्याने सत्तेस उत्तर देणे भाग पडत नाही.