जब्याचा दगड कुणाला लागला?

आवडतं पुस्तक कोणतं? आवडता सिनेमा कोणता?

हा सवाल मला पहिल्यांदा एका नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेला. समोर तीन साहेब. मी आवंढा गिळला आणि 'मृत्युंजय' म्हणालो. तिघांच्या माना डोलल्या. नोकरी मिळाली नाही ती गोष्ट वेगळी. पण शेवगावला परत येताना एसटीत डोक्यात किडा वळवळत होता. कर्णाला जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवतात आणि शेवटी तो निघतो क्षत्रियच. खानदानी! मग आम्ही कोण निघणार? आमची माय ती आमचीच माय, बाप तो आमचाच बाप. आमच्या जन्मामागे कुठला सूर्यबिर्य दडलेला नाही. मग ते पुस्तक मी आवडतं म्हणून का सांगितलं? भीतीपोटी. 'बलुतं' म्हणालो असतो तर साहेबांना आडनाव विचारायची गरजच उरली नसती.

आता ती भीती गेली. म्हणून त्या सवालाचं खरं उत्तर इथे लिहितो. उशिरा का होईना.

'बलुतं' आमच्या घरात होतं. बापाच्या लोखंडी पेटीत, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कागदपत्रांच्या तळाशी. बाप एसटीत हेल्पर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली फळीवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. ते पुस्तक वर, उजेडात. दया पवार मात्र पेटीत, अंधारात. मी दहावीत असताना चोरून वाचलं. रात्रभर वाचलं. १९७८ साली आलेलं पुस्तक, लेखक आपल्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. आम्ही जिल्ह्याच्या या टोकाला, गोदावरीच्या काळ्या रानात. तो त्या टोकाला, डोंगरात. मधे सगळा नगर जिल्हा. (आता कागदावर अहिल्यानगर.) पण महारवाडा तोच.

सकाळी बापाला विचारलं, लपवून का ठेवलं? बाप म्हणाला, "त्यात आपलं सगळं उघडं केलंय." एवढंच. त्याचा राग सवर्णांवर नव्हता, दया पवारांवर होता. पुस्तक आलं तेव्हा आपल्यातल्याही काहींनी हीच ओरड केली होती, की घरातली घाण चव्हाट्यावर आणली. मला तेव्हा बाप भेकड वाटला. आज वाटत नाही. ज्या पांढरपेशा माणसाने ते लिहिलं त्यालाही आपल्यातला दगडू एकदम अंगावर घेता आला नव्हता. दया पवार ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो, अशी त्या पुस्तकाची मांडणीच आहे. एकाच माणसाचे दोन तुकडे! शिकलेला, कचेरीत बसणारा एक आणि कावाखान्यात वाढलेला एक. पहिल्याला दुसऱ्याची लाज वाटते आणि लाज वाटते याचीही लाज वाटते. माझा बाप पेटीत पुस्तक लपवत नव्हता. तो दगडूला लपवत होता. मुलाखतीत मीही तेच केलं.

आता सिनेमा.

१४ फेब्रुवारी २०१४ ला 'फँड्री' आला. आम्ही दोघं दोस्त नगरला जाऊन बघून आलो. दोस्त मातंगवस्तीतला, पहिलीपासून एका बाकावरचा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, पण सिनेमा शिकला नगरच्या कॉलेजात. म्हणजे पडद्यावरची माती आपल्या ओळखीची. बाभळी, धूळ, जत्रा, शाळेची भिंत. सगळं ओळखीचं.

तुम्ही पाहिला असेल. जब्या कैकाड्याचा पोरगा. शालूवर जीव. काळी चिमणी शोधत हिंडतो. आणि शेवटी अख्ख्या गावासमोर, शालूसमोर, बापाबरोबर डुकरं धरायला त्याला उतरावं लागतं. बाप कचरू झाला आहे किशोर कदम. डुक्कर पळतंय, कचरू पडतोय, जब्या तोंड लपवतोय. गावची पोरं कट्ट्यावर बसून क्रिकेटची मॅच बघावी तशी बघतायत, ओरडतायत, फोटो काढतायत. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर मोकळं. थिएटरात हशा पिकला.

मीही हसलो.

हे लिहायला मला अकरा-बारा वर्षं लागली. मी हसलो. जयंतीला कवायत करणारा, मोर्चात पुढे असणारा, 'बलुतं' पाठ असणारा मी त्या गावातल्या पोरांबरोबर कट्ट्यावर बसून हसलो. मग डुक्कर बांबूला टांगून शाळेच्या भिंतीवरून नेतात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. तेव्हा हशा थांबला. आणि शेवटी जब्या दगड उचलतो आणि फेकतो. सरळ आपल्याकडे. पडदा काळा. थिएटरात टाळ्या वाजल्या. मला टाळी वाजवता आली नाही. ज्याला दगड लागला तो टाळी कशी वाजवणार?

पुढे कधीतरी श्याम बेनेगलांचा १९७४ चा 'अंकुर' पाहिला. त्याच्याही शेवटी एक पोरगा दगड मारतो. जमीनदाराच्या पोराच्या खिडकीवर. काच फुटते, पडदा लाल होतो. चांगला सिनेमा. पण तो दगड जमीनदाराला लागतो आणि बघणारा सुखरूप घरी जातो. त्याला वाटतं, मी काही जमीनदार नाही. 'अंकुर'ने प्रेक्षकाला आपल्या बाजूला बसवून घेतलं. 'फँड्री'ने त्याला उठवून समोर उभं केलं. चाळीस वर्षांत दगडाची दिशा बदलली. दगड हातात घेणारा कॅमेऱ्याच्या मागेही जाऊन उभा राहिला, म्हणून बदलली.

परतीच्या एसटीत आम्ही गप्प होतो. करंजी घाटात दोस्त म्हणाला, "तू कैकाड्याच्या घरी पाणी पिलायस कधी?"

मी म्हणालो, "तू पिलायस?"

"नाही. म्हणून तर विचारतोय."

तिसगाव आलं. मग त्याने दुसरा दगड मारला. "तुझ्या घरी एवढी पुस्तकं. 'फकिरा' आहे का?"

नव्हतं. आमच्या फळीवर अण्णाभाऊ साठे नव्हते. कुणी बंदी घातली नव्हती. नुसते नव्हते. ते 'त्यांचे' होते ना! १ ऑगस्टची जयंती त्यांची, १४ एप्रिलची आमची. तिकडची कमान पिवळी, इकडची निळी. दीड दिवस शाळेत गेलेल्या त्या माणसाने १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि अर्पण कुणाला केली? बाबासाहेबांच्या लेखणीला. हे मला दोस्ताने सांगितलं. त्याच्या घरचं पुस्तक त्याने मला आणून दिलं, पानं सुटलेलं, दोऱ्याने शिवलेलं. भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा मांगाचा फकिरा मी वयाच्या तिसाव्या वर्षी वाचला. आपल्याच गल्लीच्या पलीकडचं पुस्तक तीस वर्षं लांब होतं! बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी उभा आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी. पायाखालचा दिसत नाही, कारण आपण वर बघून घोषणा देत असतो.

सिनेमा सिनेमाच असता तर हा लेख लिहिलाच नसता. 'फँड्री' लागल्यापासून ७३ व्या दिवशी, २८ एप्रिल २०१४ ला, याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या शाळकरी दलित पोराचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, या संशयावरून. जब्याच्याच वयाच्या आसपासचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. साक्षीदार फितूर झाले होते. खटल्यात उरलेले सगळे आरोपी निर्दोष सुटले. मग पोराला मारलं कुणी? कोर्टाच्या कागदावर कुणीच नाही.

बघणारे होते. कट्ट्यावरचे. सिनेमात हसतात ते आणि गावात गप्प बसतात ते, एकाच कट्ट्यावरचे आहेत. थिएटरात हसण्याची सवय ज्याला लागली त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात गप्प राहणं जड जात नाही. म्हणून मला माझं ते हसू इतकं झोंबतं.

तिसरं पुस्तक बेबीताई कांबळ्यांचं. 'जिणं आमुचं'. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं, १९८६ ला पुस्तक झालं. फलटणला छोटंसं दुकान चालवता चालवता त्या लिहायच्या आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. कितीतरी वर्षं. पुन्हा लपवणं! पण माझा बाप गावाच्या भीतीने पुस्तक लपवत होता. बेबीताई घरच्या भीतीने. त्यांनी गावकुसाबाहेरची भूक लिहिली, बाबासाहेबांच्या हाकेने उठलेल्या बाया लिहिल्या आणि आमच्याच घरात सुनांची जी गुलामी चालायची तीही लिहिली. मी हे पुस्तक आईला वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खरं लिहिलंय बाईनं. तुझ्या बापाला दाखव वाचून."

मी दाखवलं नाही. हिंमत झाली नाही. हे पण लिहून ठेवतो.

तर मला आवडलेली पुस्तकं आणि सिनेमे ही अशी. ज्यात मी हिरो आहे ती नव्हेत. ज्यांनी मला दगड मारला ती. प्रस्थापितांचं साहित्य आपल्याला गोंजारत नाही म्हणून आपण त्याला लाथ मारली, बरोबर केलं. पण आता आपण स्वतःलाच गोंजारायला लागलो आहोत. जयंतीला वस्तीत पडदा लावून जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' दाखवतो, महाडचं पाणी आलं की शिट्ट्या मारतो. त्याच्या पटकथेत दया पवारांचा हात होता हे किती पोरांना ठाऊक आहे? 'जातिसंस्थेचे उच्चाटन' स्टेटसला लावतात, वाचत नाहीत.

आणि १ ऑगस्ट २०२४. सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला. नेमका अण्णाभाऊंच्या जयंतीला. त्या दिवसापासून आपल्या पोरांच्या मोबाइलवर जी शिवीगाळ चालली ती मी वाचली आहे. महार असे, मांग तसे. निकालाच्या बाजूने बोला, विरोधात बोला, कडकडून भांडा. पण ज्याच्याशी भांडताय त्याच्या घरचं एक तरी पुस्तक वाचलंय का? ज्याने अण्णाभाऊ उघडले नाहीत त्याने मांगाला एकीचे धडे देऊ नयेत. ज्याने बाबासाहेब उघडले नाहीत त्याने महाराला दादागिरीवरून झोडू नये. आणि दोघांनी मिळून कैकाड्याच्या दारात एकदा तरी जावं. पाणी मागावं.

आम्ही शेवगावात काय केलं? फार मोठं काही नाही. महिन्यातून एका रविवारी सात-आठ जण बसतो. एकदा या वस्तीत, एकदा त्या. अट एकच, आपल्या जातीतल्या लेखकाचं पुस्तक आणायचं नाही. पहिल्या बैठकीला अर्धे उठून गेले. दुसरीला दोन परत आले. तिसरीला एक पोरगी आली आणि म्हणाली, तुम्ही जातीची अट घातली, बाईचं काय? त्यावरून अजून भांडण चालू आहे. चालू राहू दे.

दोस्ताची 'फकिरा' अजून माझ्याकडेच आहे, नवा दोरा घालून शिवलेली. कुणाला हवी असेल त्याने घेऊन जावी. त्याला विचारलंय, त्याची ना नाही. परत मात्र आणून द्यावी. बापाचं 'बलुतं' आता पेटीत नाही, फळीवर आहे. बापानेच काढून ठेवलं.

जयभीम.